आधी भांडी, मग पलंग

यंत्रमागांच्या शेजारात राहणाऱ्या आम्हां टेमघरकरांना भिंतींच्या थरथरीचे अप्रूप ते काय असणार! तरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची थरथर निराळी होती, असे आमच्या घरातील वडील मंडळी सांगत. आधी फडताळातली भांडी किणकिणली, मग पलंग डोलला. ही ‘मग’ कुठून आली, याचे मला लहानपणापासून कोडे होते.

त्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास कोयनानगरजवळ जमिनीखालचा खडक फाटला. टेमघरहून ते ठिकाण सरळ रेषेत सुमारे २२५ किलोमीटर. खडक फाटला की तेथून दोन लाटा एकदमच निघतात. इंजिनाचा धक्का मालगाडीच्या डब्यामागून डब्याला पोहोचतो ना, तशी पहिली लाट खडकाला पुढेमागे दाबीत धावते. वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. दुसरी, वाळत घालायच्या दोरीला झटका द्यावा तशी आडवी हेलकावत येते. तिचा वेग साडेतीन. शास्त्रज्ञ हिला ‘दुय्यम’ म्हणतात. आम्हां भाषेच्या माणसांना हे नाव पटत नाही. घरे हलविण्यात पहिलीपेक्षा हीच जबर!

आता तुम्ही म्हणाल, खडक कधी फाटला हे दूरच्या वेधशाळेला सांगणार कोण? त्याची गरजच नाही. कल्याणहून दोन भाऊ एकदम निघाले, एक सायकलवर, दुसरा पायी. दोघांचे वेग ठाऊक असले, की ते किती अंतराने पोहोचले यावरून कल्याण किती लांब ते निघते. लाटांचेही तसेच. दोन लाटांमधल्या सेकंदांना आठाने गुणा, किलोमीटर मिळतात. आमच्या पलंगाने हिशेबाने २७ सेकंद वाट पाहिली असावी. २७ अठ्ठे २१६, ढोबळ गणिताला पुष्कळ झाले. फार लांबच्या भूकंपाला मात्र हा पाढा चालत नाही. लाटा पृथ्वीच्या पोटात खोल उतरतात, तेथे त्यांचा वेग वाढतो, म्हणून तयार कोष्टके पाहावी लागतात. शिवाय कळते ते अंतर, दिशा नव्हे. तीन वेधशाळांनी आपापली वर्तुळे नकाशावर काढली, की ती जेथे मिळतात तेथे केंद्र.

नोंदींच्या रेघोट्यांतून या लाटा वेगळ्या ओळखल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी, १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासात. त्याच भूकंपानंतर आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक बसला.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे हादऱ्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा मी हेच गणित मांडून पाहिले. ऐंशीएक किलोमीटर, म्हणजे १० सेकंद. तळमजल्यावरच्या माणसाला अंगणात यायला पुरतील. पण कोयनानगरला? तेथे केंद्र जवळजवळ पायाखालीच. दोन लाटांत फरक सेकंद-दोन सेकंदांचा. झोपलेल्या माणसाला तेवढ्यात कूसही बदलता येत नाही. त्या पहाटे पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली.