खापर, चिठ्ठी आणि मामंजी : डेक्कन कॉलेजातील संशोधनाची रूपे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधनाला लागणारा कच्चा माल तीन ठिकाणांहून येतो : जमिनीखालून, माणसांच्या तोंडून आणि पोथ्यांतून. पुरातत्त्वाच्या विभागात खापरे, दगडी हत्यारे, जनावरांची हाडे आणि जळून कोळसा झालेले धान्य साठवलेले असते. भाषाशास्त्राच्या विभागात बोलींची ध्वनिमुद्रणे असतात. संस्कृत कोशाच्या कामासाठी जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या कप्प्यांत लावून ठेवलेल्या आहेत. साहित्य मानव्यविद्यांचे, पण पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि शरीरशास्त्र यांचीही गरज पडते, असा हा विद्यापीठाचा छोटा पण ठसठशीत नमुना.

संस्थेचे मूळ १८२१ सालचे. पेशवाई बुडाल्यावर ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेच्या निधीतील काही रक्कम वळवून इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याच्या बाजूला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. पुढे १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी देणगीच्या अटींवर बोट ठेवून लढा दिला, त्यात बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पुढे होते. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले, पण बी. ए. च्या वर्गांसाठी नव्हे, तर पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनासाठी. १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे.

१९३९ सालच्या नेमणुका पाहिल्या की पुढच्या सगळ्या शाखांची बीजे तिथेच दिसतात. हसमुख धीरजलाल सांकळिया प्राचीन इतिहासासाठी आले, इरावती कर्वे समाजशास्त्र आणि मानवशास्त्रासाठी, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रासाठी, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासासाठी. सांकळियांनी लंडनमध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहिला होता. इरावतीबाईंची बर्लिनची डॉक्टरेट माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर होती. ही माणसे एकाच आवारात बसत आणि एकमेकांच्या कामात हातही घालत. गुजरातमधील लांघणज येथे सांकळियांना सूक्ष्म दगडी हत्यारांबरोबर मानवी सांगाडे सापडले, तेव्हा तिथल्या कामात इरावतीबाई होत्या आणि दोघांनी मिळून त्यावर लिहिलेला निबंध १९४९ मध्ये अमेरिकेतील मानवशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. खोदणारा आणि हाडे मोजणारी यांच्यात फक्त एका जिन्याचे अंतर असेल तर असे निबंध लवकर लिहिले जातात.

सांकळियांचे खरे कार्य मात्र महाराष्ट्राच्या मातीत आहे. नदीकाठच्या जुन्या वस्तीची जागा खेड्यातल्या माणसाला माहीत असते. तिला तो पांढर किंवा पांढरी म्हणतो. शतकानुशतके राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साठून ती जमीन शेतातल्या काळ्या मातीपेक्षा फिकट झालेली असते. धाब्याच्या घरांवर घालायला ही माती उत्तम, म्हणून लोक ती गाड्या भरभरून नेत आले, आणि अनेक टेकाडे संशोधक पोचण्याआधीच अर्धी झाली. प्रवरेच्या काठी, संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये खोदकाम झाले. तिथे सापडलेली भांडी तांबड्या रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी, पोटाला ठसठशीत कड, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारल्यावर धातूसारखी वाजतात. तशीच खापरे पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा अनेक ठिकाणी निघाली. गावाचे नाव एका संस्कृतीला मिळाले. तोवर महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून, फार तर अशोकापासून सांगितला जाई. जोर्वे संस्कृतीने तो हजार वर्षांनी मागे नेला.

नेवाशाच्या खोदकामाचा अहवाल १९६० मध्ये निघाला. त्याच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा उल्लेख आहे, कारण वरून खाली जाताना एकाच टेकाडात मध्ययुग, सातवाहन काळ, ताम्रपाषाण युग असे थर लागत गेले. पण पद्धत म्हणून सर्वांत महत्त्वाचे खोदकाम इनामगावचे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी हे काम चालवले. खोल खड्डा खणून थरांचा क्रम पाहायचा, हा नेहमीचा रिवाज सोडून इथे आडव्या अंगाने विस्तृत जमीन उघडली गेली. त्यामुळे भांड्यांचा क्रमच नव्हे, तर एक अख्खे खेडे समोर आले : शंभराहून अधिक घरे, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, नदीतून पाणी वळवणारा पाट.

इनामगावचा काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व १६०० ते ७००. मुख्य पीक बार्लीचे. मृत लहान मुले दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून देह पुरलेले आढळतात. मृताने उठून कुठे जाऊ नये म्हणून तसे करत असावेत, असा तर्क मांडला जातो. तर्क चांगला आहे, पण तो तर्कच आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मोठा रांजण निघाला आणि त्यात बसलेल्या अवस्थेतला एक सांगाडा. हा गावप्रमुख असावा, असे ढवळीकरांनी मानले. शेवटच्या काळात चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती कमी होते, शिकार आणि गुरे राखणे वाढते. पाऊसमान घटल्यामुळे गाव भटके बनत गेले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. त्या गोल झोपड्या समजून घ्यायला संशोधकांनी आजच्या भटक्या जमातींच्या पालांची आणि झोपड्यांची मोजमापे घेतली. पुरातत्त्वाने इथे मानवशास्त्राकडून हत्यार उसने घेतले.

याच विभागात हळूहळू प्रयोगशाळा वाढल्या. शरद राजगुरू यांनी नद्यांच्या गाळाचा आणि हवामानाचा अभ्यास उभा केला. जनावरांची हाडे, परागकण, धान्याचे दाणे, माणसांचे दात यांचे वेगवेगळे जाणकार तयार झाले. दातांवरून आहार कळतो, म्हणून कुदळ मारणाऱ्याइतकाच दंतवैद्यकाचा जाणकारही इथे कामाचा. २०१९ मध्ये वसंत शिंदे आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतील एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकातूनच उपयोगी डीएनए मिळाला. उष्ण प्रदेशात डीएनए सहसा टिकत नाही. आर्यभाषा ज्यांच्याबरोबर भारतात आल्या असे मानले जाते, त्या गवताळ मैदानांतील पशुपालकांचा अंश या स्त्रीच्या वंशात आढळला नाही. एवढ्याच आधारावर वर्तमानपत्रांत ‘आर्य आलेच नाहीत’ अशी वाक्ये झळकली. मूळ निबंध तेवढे म्हणत नव्हता.

इरावती कर्वे यांचे संशोधन जमिनीवरच्या माणसांकडे गेले. एका बाजूला शारीरिक मोजमापे, दुसऱ्या बाजूला नात्यांची नावे. १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेविभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात, म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची रीत जिथे भेटते तिथे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत मामाची मुलगी हक्काची. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, आत्याच्या मुलीशी मात्र कित्येक ठिकाणी चालत नाही. या रिवाजाची खूण भाषेत उरलेली दिसते. जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणे. मामाच्या मुलीशी लग्न झाले तर त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्याच, आणि आत्याचा नवरा तो मामा. लग्नाचा नियम मोडकळीस आला तरी हाक शिल्लक राहते, हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. इरावतीबाईंच्या शेवटच्या वर्षांतले काम कोयना धरणाने उठवलेल्या लोकांवर होते. जाई निंबकर यांच्याबरोबर केलेले ते सर्वेक्षण १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेजवलकर कागदांत रमले. साताऱ्याचा पारसनीस संग्रह डेक्कन कॉलेजाकडे आला होता, त्याची राखण त्यांच्याकडे होती. पानिपताच्या मोहिमेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ चा, मराठी १९६१ चा. मेणवलीच्या दप्तरातून निवडलेले नागपूरकर भोसल्यांविषयीचे कागदही त्यांनी संपादित केले.

भाषाशास्त्राची घडी कत्रे यांनी बसवली. कोकणी ही त्यांची घरची भाषा, आणि ‘द फॉर्मेशन ऑफ कोंकणी’ हे त्यांचे १९४२ चे पुस्तक. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने १९५० च्या दशकाच्या मध्यापासून इथे उन्हाळी वर्ग भरले. वर्णनात्मक भाषाशास्त्र भारतात पसरले ते बरेचसे या वर्गांतून शिकून गेलेल्या शिक्षकांमुळे. अमृत माधव घाटगे यांनी १९६३ पासून दक्षिण कानडातील कोकणी, कुडाळी, काणकोणची कोकणी अशा बोलींची वर्णने क्रमाने प्रसिद्ध केली. अशोक केळकरांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर काम केले. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण झाले. त्यात संशोधक गावोगाव फिरून चित्रे आणि चित्रफिती दाखवतात, वस्तूंची आणि नात्यांची नावे विचारतात, गोष्टी सांगायला लावतात, आणि उत्तरे गावासह आणि बोलणाऱ्याच्या वयासह नोंदवतात. इरावतीबाईंनी गोळा केलेले नात्यांचे शब्द इथे नकाशावर पुन्हा येतात.

कत्रे यांचाच दुसरा संकल्प म्हणजे संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश. १९४८ मध्ये काम सुरू झाले. ऋग्वेदापासून १८५० च्या सुमारापर्यंतचे १५०० ग्रंथ निवडले : वेद, व्याकरण, न्याय, वैद्यक, ज्योतिष, शिल्प, नाटके, सगळेच. पंचवीस वर्षे पंडितांनी एकेका ग्रंथातले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले. चिठ्ठीवर शब्द, तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या ओळीत, कोणत्या रूपात आला, हे असते. शब्द आहे पण ग्रंथाचे स्थळ नाही, अशी चिठ्ठी टाकाऊ. जसे थर माहीत नसलेले खापर आणि गाव न लिहिलेले ध्वनिमुद्रण. या आवारातल्या सर्व शाखांत काटेकोरपणाचा हा एकच अर्थ दिसतो.

ऐतिहासिक कोशात शब्दाचे अर्थ कालक्रमाने येतात, प्रत्येकाला उतारा जोडून. ‘अग्नि’ म्हणजे विस्तव एवढ्यावर भागत नाही. यज्ञात तो देव, वैद्यकात पोटातली पचनशक्ती, आणि ज्योतिषाच्या शब्दांकांत तीन हा आकडा, कारण यज्ञातले अग्नी तीन. असे अर्थ ओळखायला कोशकाराच्या शेजारी प्रत्येक शास्त्राचा वाचक लागतो. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिल्या खंडाचा पहिला भाग १९७६ मध्ये आला. त्यानंतर तिसाहून अधिक खंड निघाले आणि ते सारे ‘अ’ या अक्षरातच आहेत. यात आळसाचा भाग नाही. संस्कृतात नकाराचा ‘अ’ किंवा ‘अन्’ जवळजवळ कोणत्याही शब्दाला लागतो, त्यामुळे कोशाचे हे पहिलेच अक्षर सर्वांत दाट. त्यात प्रत्येक चिठ्ठी पुन्हा मूळ ग्रंथाशी ताडून पाहिली जाते. आता चिठ्ठ्या संगणकावर आणण्याचे काम चालू आहे. लिहिलेले अक्षर पुसट झाले की पोथीच उघडावी लागते.