नसलेल्या बॉम्बचे बळी

निवडणुकीची सभा ऐन रंगात आलेली असते. तेवढ्यात कुणीतरी ओरडते, 'मैदानात बॉम्ब आहे!' पोलीस सगळीकडे शोधतात, काहीच सापडत नाही. पण तोवर माणसे इस्पितळात पोचलेली असतात. जो बॉम्ब नव्हताच, त्याने माणूस दगावतो कसा?

बगदादमध्ये ३१ ऑगस्ट २००५ रोजी टायग्रिस नदीवरील पुलावरून यात्रेकरू चालले होते. गर्दीत आत्मघातकी हल्लेखोर असल्याची अफवा उठली आणि ९०० हून अधिक माणसे मेली. इटलीतील ट्युरिन शहरात ३ जून २०१७ रोजी चौकात मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना पाहणाऱ्या लोकांत अशीच घबराट पसरली. १५०० हून अधिक जखमी झाले. पुलावर किंवा चौकात बॉम्ब नव्हता.

चेंगराचेंगरीत माणसे पायदळी तुडवली जाऊन मरतात, असा आपला समज असतो. पुष्कळदा मृत्यू उभ्या उभ्याच येतो. श्वास घेताना छाती फुगावी लागते. पुढून-मागून दाब आला की फासळ्या हलत नाहीत. मेंदूला प्राणवायू कमी पडतो, माणूस बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत दगावतो. ओरडण्यात उरलासुरला दमही खर्च होतो.

म्हणून हे लक्षात ठेवावे :

१. सभेत बसतानाच बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात.

२. रेटा आला तर दोन्ही हात दुमडून छातीपुढे धरावेत. श्वासापुरती जागा राहते.

३. लोंढ्याच्या उलट जाऊ नये. रेटा थांबेल तेव्हा तिरके सरकत कडेला यावे. भिंत, कठडा यांपासून दूर राहावे.

४. पडलेली चप्पल, पिशवी उचलायला वाकू नये. लहान मुलाला उचलून घ्यावे.

५. पडलात तर कुशीवर वळून, डोके हातांनी झाकून, गुडघे पोटाशी घ्यावेत.

बेशुद्ध माणसाभोवती गर्दी करू नये, तोंडात पाणी ओतू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. श्वास बंद असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे.

घरी आल्यावर काही दिवस झोप न लागणे, आवाजाने दचकणे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि बेवारस पिशवी दिसली तर? ओरडू नये. हात न लावता शांतपणे जवळच्या पोलिसाला सांगावे. गर्दीत एका माणसाचे ओरडणेही जीव घेऊ शकते.