‘हिमवादळ’ : संज्ञा आणि वस्तुस्थिती

नवी मुंबईतील सारसोळे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. अशा गावी ‘वादळ’ म्हटले की वारा, पाऊस आणि उसळलेले पाणी यांचेच चित्र मनात उभे राहते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा हा अर्थ पुन्हा एकदा दृढ झाला. बर्फाला या अनुभवात स्थान नाही. त्यामुळे ‘ब्लिझर्ड’ या अर्थी ‘हिमवादळ’ हा शब्द वाचताना कोकणच्या वाचकाचे लक्ष अपरिचित अशा ‘हिम’ या पूर्वपदाकडे जाते आणि ‘पुष्कळ बर्फ पडणे’ एवढाच अर्थ घेतला जाण्याचा संभव असतो.

वस्तुतः हा समास तत्पुरुष, म्हणजे उत्तरपदप्रधान होय. प्राधान्य वादळाला, अर्थात वाऱ्याला आहे. मूळ इंग्रजी शब्दही प्रथम ‘जोराचा तडाखा’ या अर्थी अमेरिकेत प्रचलित होता; वादळ हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येत किती बर्फ पडावा याचे मापच नाही. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर अथवा अधिक, दृश्यता सुमारे ४०० मीटरांहून कमी, आणि ही स्थिती किमान तीन तास, एवढ्याच अटी आहेत. आधी पडलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उधळला, तरी निरभ्र आकाशाखालीही हिमवादळ होऊ शकते.

थंड, कोरडी हवा आणि उबदार, बाष्पयुक्त हवा एकमेकींना भिडल्या म्हणजे उबदार हवा वर चढते, न्यूनदाबाचे आवर्त बळावते आणि दाबातील तीव्र फरकामुळे वारा वेगाने वाहू लागतो. हे बाष्प उष्ण समुद्रावरूनही येऊ शकते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि दोनच दिवसांत नेपाळातील अन्नपूर्णा परिसरात त्यांचे हिमवादळ झाले. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसमंतात चाळीसहून अधिक माणसे दगावली. वाटेवरील अनेकांपर्यंत धोक्याचा इशारा पोहोचलाच नव्हता.

या आपत्तीत भूमी व आकाश यांतील सीमारेषा पुसली जाते. दिशा हरपते आणि माणूस आश्रयस्थानापासून थोड्या अंतरावरही भरकटतो. उणे १० अंश सेल्सियस तापमानात ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा असल्यास उघड्या त्वचेला उणे २२ अंशांइतका गारठा जाणवतो. हिमदंश होतो, शरीराची उष्णता घटते, विचारशक्ती मंदावते. बर्फात अडकलेल्या मोटारीचा धूर सोडणारा नळ बुजला, तर आत साचणारा विषारी वायू प्राणघातक ठरतो. अशा वेळी चालत राहण्यापेक्षा आडोसा धरून थांबणेच बहुधा श्रेयस्कर असते.

महाराष्ट्रातील सैनिक, गिर्यारोहक आणि यात्रेकरू हिमालयात जातात. त्यांच्यासाठी इशारा मराठीत देताना केवळ ‘हिमवृष्टी’ म्हणणे पुरेसे नाही. बर्फ पडणे थांबले म्हणजे संकट सरले, असा समज त्या शब्दाने होईल. सारसोळ्याच्या कोळ्याला वाऱ्याचे भय समजावून सांगावे लागत नाही. ‘हिमवादळ’ या शब्दाचे उत्तरपद त्याच्या परिचयाचे आहे; त्या पदावर भर देऊन अर्थ सांगितला, तर ही परकी आपत्ती त्यालाही यथार्थ कळेल.