रोहित्रातील तेल कसे बिघडते?

ज्यास आपण डीपी म्हणतो त्या रोहित्राच्या टाकीत खनिज तेल असते. हे तेल वंगण नव्हे. वेटोळ्यांतील वीज आडमार्गाने फुटू न देणे आणि त्यांची उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत वाहून नेणे, ही त्याची दोन कामे होत. ते बिघडले असता ऐन रब्बीत रोहित्र जळते व उभे पीक पाण्यावाचून वाळते. सबब त्याच्या बिघाडाची कारणे येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

भुईमुगाचे तेल उघडे राहिल्यास खवट होते, त्याच जातीचा हा विकार होय. हवेतील प्राणवायूचा तेलाशी संयोग होतो; उष्णता ही क्रिया वाढविते व तांबे तीस चालना देते. त्यापासून आम्ले उत्पन्न होतात, फिकट तेल काळवंडते आणि अखेर चिकट गाळ वेटोळ्यांवर बसतो. गाळाने उष्णता कोंडते, आणि कोंडलेल्या उष्णतेने तेल अधिकच बिघडते.

दुसरा शत्रू ओल. भार वाढला की तेल फुगते, उतरला की आकसते. त्यासरशी टाकी बाहेरची हवा आत ओढते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत समुद्र व खाडी जवळ असल्याने हवा दमट असते. तेथे याचा धोका विशेष. ही ओल शोषण्यास श्वसननलिकेत सिलिका जेलचे खडे ठेवितात. निळे खडे गुलाबी झाले म्हणजे त्यांची शक्ती सरली असे समजावे.

तेलाची परीक्षा अशी : नमुन्यात २.५ मिलिमीटर अंतरावर दोन धातूचे गोळे ठेवून वीजदाब चढवितात. गाळून शुद्ध केलेले चांगले नवे तेल ६० हजार व्होल्ट सोसते. ओल शिरलेले त्याच्या निम्म्यावरही फुटते. ओल तर तेल तापवून, निर्वातात गाळून काढता येते. परंतु उष्णता, ओल व आम्ल यांनी वेटोळ्यांवरील कागद एकदा ठिसूळ झाला म्हणजे नवे तेल ओतूनही तो पूर्ववत होत नाही. साध्या कागदाची झीज दर ६ अंश सेल्सिअस वाढीस सुमारे दुप्पट होते. रोहित्राचे खरे आयुष्य ते हेच.

मुलुंडच्या घरांस वीज पुरविणारी महावितरण कंपनीच राज्यातील बहुतेक शेतांसही ती पुरविते. मात्र शेतावरील रोहित्रावर नजर आपणासच ठेवावी लागते. मंजूर भारापेक्षा मोठी मोटार बसवू नये. योग्य कपॅसिटर लावावा, म्हणजे प्रवाह घटून रोहित्र कमी तापते. ऑटोस्विचमुळे वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, सबब तो काढावा. तेलाची गळती किंवा गुलाबी खडे दिसताच कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. रोहित्रास स्वतः हात लावू नये. सातबाऱ्याप्रमाणे प्रत्येक रोहित्राचीही एक नोंदवही गावात असावी, आणि तीत तेल केव्हा भरले, केव्हा तपासले व भार किती वाढला हे तारीखवार लिहावे, अशी आमची सूचना आहे.