वापशाचे चार दिवस

मुरुड म्हटलं की लोकांना समुद्र दिसतो. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथून समुद्र तीनशे किलोमीटरच्याही पल्याड. मुंबईच्या माझ्या मावसबहिणीच्या मात्र हे अजून डोक्यात शिरलेलं नाही. घरापुढच्या काळ्या मातीत काहीच धड येत नाही म्हणून मी फोनवर कुरकुरले, तर म्हणते कशी, "अगं, वाळू मिसळ. तुमच्याकडे वाळूला काय तोटा!"

मी मिसळली. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली पंधरा पाट्या वाळू. दिवाळीनंतर वांग्याची रोपं लावायला बसले, तर खुरप्याचं टोक वाकलं. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून बारीक. तो वाळूच्या खड्यांच्या मधल्या फटी भरून काढतो आणि सगळं गच्च बसतं. वाळूने माती खरंच मोकळी करायची तर निम्मी वाळूच हवी. शंभर चौरस फूट जागा, फूटभर खोल, एवढ्याला ब्रासभर वाळू! तेवढ्यात एक खोली बांधून होईल.

जुन्या गावात हा प्रश्न नव्हता. आपल्याकडे गाव वसतं ती पांढरी आणि पिकतं ती काळी. पांढरीत पिढ्यानपिढ्यांची चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मुरलेली. सासूबाई जुन्या वाड्याच्या परसात भोपळ्याचं बी नुसतं फेकायच्या आणि वेल माळवदावर चढायचा. आमचा हा प्लॉट मात्र पूर्वी ज्वारीचं रान होतं. घर पांढरी सोडून काळीत येऊन बसलंय, एवढीच काय ती गोष्ट.

ही काळी माती बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती पातळ पापुद्र्यांची असते. पाणी पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. सुकली की आक्रसते आणि भेगाळते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात अंगणातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला होता. पण या भेगांचा उपयोगही आहे. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसात भेगा मिटतात, खालची माती हळूहळू वर येते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरत असते. कस तिच्यात भरपूर आहे. मुळांना हवा मिळत नाही, हे खरं दुखणं.

ते कळलं आमच्या शेतातल्या मामांमुळे. परतीचा पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेऊन उतरले, तर ते ओरडले, "वैनी, पाय नका घालू! वापसा येऊ द्या." ओल्या काळीवर नुसतं चाललं तरी ती दाबून थापली जाते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्या थापीची वीट होते. फार सुकू दिली तर कुदळ उसळते. मधले चार-सहा दिवस आपले. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. थापकन चपटा झाला तर थांबा, फुटून भुगा झाला तर वापसा आला. आमच्याकडे तो बहुधा दसऱ्याच्या आगेमागे येतो. मी शिलाईकाम करते, दसऱ्याला ब्लाउजांचा ढीग असतो. तरी त्या चार दिवसांत गिऱ्हाइकाला सरळ "परवा या" म्हणते.

वापशावर माती वीतभर खोल हलवते आणि चांगलं कुजलेलं शेणखत दोन इंच पसरून मिसळते. शंभर चौरस फुटांना सतराएक घनफूट खत लागतं. हाताला गार, काळं, वास नसलेलं असेल तेच घ्यावं. कच्च्या शेणात हुमणी येते आणि मुळं खाते. कुजलेला पाला चिकणमातीच्या कणांना धरून बारीक रवाळ गोळ्या बनवतो, त्यांच्या फटींतून हवा खेळते. पण आपल्या उन्हात हा सेंद्रिय माल लवकर जळून जातो, म्हणून दर वर्षी घालावाच लागतो. एकदा घालून मोकळं झालो, असं होत नाही. वाफे सपाट ठेवत नाही. वीतभर उंच गादी करते म्हणजे पाणी मुळाशी तुंबत नाही. वरून सोयाबीनचं भुसकट अंथरते. ते दिवस मळणीचे, भुसकट हवं तेवढं मिळतं. त्याखाली ओल टिकते आणि उन्हाळ्यात भेगाही बारीक पडतात.

दुकानात जिप्समची पिशवी गळ्यात मारतात. घेण्याआधी वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात, न हलवता सोडून पाहावं. ते नुसतं ढासळून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर जिप्सम नको. ढेकळाभोवती दुधाळ ढग उठला तर मातीत सोडियम जास्त, म्हणजे चोपण. तिथे जिप्समचं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारतं, पण तो धुऊन जायला निचराही हवा. नक्की काय ते माती परीक्षणातच कळतं. माझ्या ग्लासातलं पाणी नितळ राहिलं, पिशवीचे पैसे वाचले. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे मात्र माझ्याकडेही आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. त्यावर हिराकस पाण्यात अगदी पातळ करून पानांवर फवारते.

वाळूचा कोपरा अजून तसाच कडक आहे. तिथे आता पाण्याची टाकी ठेवलीय. बाकीच्या वाफ्यात तिसऱ्या वर्षी गांडुळं दिसली. गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात नेलेल्या भज्जीत मेथी या अंगणातली होती. मामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि विचारलं, "ही कोणत्या रानातली?"