गळ टाकून बसलेला ‘ट्रोल’

मैत्रिणींनो, हौसेनं साडीतला फोटो फेसबुकवर टाकावा, खाली कुणी अनोळखी खवचट शेरा मारावा, की लेक म्हणते, ‘आई, तुला ट्रोल केलं गं!’

स्कँडिनेव्हियातल्या लोककथांत ट्रोल नावाचा राक्षस आहे खरा. पण इंटरनेटवरचा हा शब्द मासेमारीतून आला असं मानतात. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. 1990 नंतर इंटरनेटवरच्या चर्चांत जुनी मंडळी मुद्दाम खुळचट प्रश्न टाकून नवख्यांना अशीच गळाला लावायची. तेव्हा थट्टाच जास्त होती. आता त्यांना आपला संताप हवा असतो. येलदरी धरणावर गळ टाकून बसलेला माणूस मासा लागेना की उठून दुसरीकडे जातो ना, तसंच हे.

मराठी वर्तमानपत्रांत ट्रोलला ‘जल्पक’ म्हणतात. न्यायशास्त्रात वाद सत्यासाठी, जल्प नुसता जिंकण्यासाठी! किती नेमका शब्द.

मात्र घाणेरडं बोलणं, नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं हा गुन्हाच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 78 आणि 79 ही कलमं आहेत. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, ब्लॉक नंतर करा. तक्रार द्यायला गेलात तर पुरावा तोच.