फंजिबल म्हणजे फुकट नव्हे

मुंबईत जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारतंच, ‘फंजिबल किती?’ विचारणाऱ्याच्या लेखी फंजिबल म्हणजे वरची, फुकटची जागा. बिल्डरांमुळे हा इंग्रजी शब्द आपल्या तोंडी रुळला खरा, पण अर्थ वाटेत कुठेतरी सांडला.

‘जादा’ हा त्याचा अर्थच नाही. एका प्रकारातला कुठलाही नग त्याच प्रकारातल्या दुसऱ्या नगाच्या जागी चालत असेल, तर ती वस्तू फंजिबल. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर परत देताना तीच साखर कुणी मागत नाही. तेवढी, तशीच दिली की फिटलं. पातेलं आणलं असेल तर मात्र तेच परत जायला हवं, आणि त्याला पोचा आला असेल तर तो लक्षातही राहतो. रोमन कायद्यात या दोन उसनवाऱ्यांना वेगवेगळी नावंच होती. (बुरशीवाल्या फंगसशी या शब्दाचं नातं नाही. ‘दुसऱ्याच्या जागी काम भागवणं’ अशा अर्थाच्या लॅटिन प्रयोगातून तो आला.)

मग हा शब्द एफएसआयला, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल या मर्यादेला, कसा चिकटला? पूर्वी मुंबईत बाल्कनी, फ्लॉवरबेड, कोनाडे अशा बऱ्याच गोष्टी एफएसआयमध्ये मोजल्या जात नसत. नकाशावर फ्लॉवरबेड, प्रत्यक्षात बेडरूमचा कोपरा. फुलझाड औषधालाही नाही. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. हे सगळं एफएसआयमध्ये धरायचं आणि त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत क्षेत्र द्यायचं, असं ठरलं. ते बाल्कनीसाठी वापरा नाहीतर खोली मोठी करा. एकाच्या जागी दुसरं चालेल, म्हणून ते फंजिबल. फुकट मात्र नाही. त्या वेळी निवासी बांधकामासाठी रेडीरेकनर दराच्या ६० टक्के प्रीमियम भरावा लागे. पुनर्विकासात जुन्या रहिवाशांच्या वाट्याच्या क्षेत्रावर तो माफ होता. फुकटचा समज बहुधा तिथूनच पसरला असावा. गंमत अशी की २०१२ च्या नियमात आणखी एक अट होती: रहिवाशांच्या वाट्याचं फंजिबल विक्रीच्या फ्लॅटांकडे वळवायचं नाही. नाव अदलाबदलीचं, आणि हीच अदलाबदल बंद! मला यात विसंगती वाटत नाही. फंजिबल असणं हा वस्तूच्या अंगचा गुण नसतोच. काय कशाच्या जागी चालेल आणि कुठवर, हे नियम किंवा करार करणारे ठरवतात.

त्यामुळे ‘फंजिबल म्हणजे हुबेहूब सारखं’ हेही खरं नाही. शंभराच्या प्रत्येक नोटेवर निराळा क्रमांक असतो, तरी देणं फेडायला कुठलीही चालते. कुणी ७८६ क्रमांकाची नोट पाकिटात जपून ठेवली, की त्याच्यापुरती ती फंजिबल राहत नाही. शेअरचंही तसंच. कागदी सर्टिफिकेटच्या काळात प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक असे, आणि सर्टिफिकेट हरवणं, बनावट निघणं, सही जुळत नाही म्हणून परत येणं हे सगळे भोगही असत. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने डीमॅट शेअर फंजिबल स्वरूपात असतील असं लिहूनच टाकलं. आज तुमच्या खात्यातल्या एकाच कंपनीच्या दोनशे शेअरांपैकी तुम्ही शंभर विकले, तर ‘नेमके कुठले विकले’ याला बाजारात उत्तर नाही. प्राप्तिकराला मात्र ते हवं असतं, कारण खरेदीची किंमत आणि तारीख कळल्याशिवाय नफा कसा मोजणार? म्हणून तिथे आधी घेतलेले आधी गेले, असं धरून चालतात.

नॉन-फंजिबलभोवतीचा घोळ ताजा आहे. मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात बीपल या कलाकाराची डिजिटल कलाकृती एनएफटी, म्हणजे नॉन-फंजिबल टोकन, म्हणून सुमारे ६.९ कोटी डॉलरना गेली, आणि एकमेव म्हणजे मोलाचं असा समज फैलावला. नॉन-फंजिबल म्हणजे फक्त बदली चालणार नाही. भाव कुणी देईल की नाही, हा निराळा प्रश्न. शिवाय एकमेव असतं ते टोकन. ते ज्या चित्राकडे बोट दाखवतं त्याच्या प्रती इंटरनेटवर कितीही फिरू शकतात, आणि चित्राचा कॉपीराइट टोकनाबरोबर आपोआप हाती येत नाही. तो हवा असेल तर वेगळा लिहून घ्यावा लागतो.